अतिस्थूलता व बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेची पात्रता

वजन घटवण्यासाठी जठरावर, किंवा जठर व लहान आतडे या दोहोंवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात (ग्रीक ‘बारोस’ म्हणजे वजन व ‘इयात्रिके’ म्हणजे वैद्यक). ती कोणावर करावी हे ठरवण्याचा मुख्य आधार शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) हा आहे. प्रस्तुत नोंद हा निर्देशांक ५० किंवा त्याहून अधिक असलेल्या, म्हणजे येथे ‘अतिस्थूल’ म्हटलेल्या, प्रौढ रुग्णांपुरती आहे. या रुग्णांत आकड्याची अट केव्हाच ओलांडलेली असते. निर्णय अडतो तो भूल, श्वसन, हृदय आणि शस्त्रक्रियेनंतरचे पोषण यांपाशी.

निर्देशांक व त्याचे मोजमाप : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १६० सेंमी. उंचीच्या व्यक्तीत बीएमआय ४० म्हणजे सु. १०२ किग्रॅ., ५० म्हणजे १२८ किग्रॅ. आणि ६० म्हणजे सु. १५४ किग्रॅ. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे निरीक्षण बेल्जियन खगोलज्ञ व संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडले. त्यांना ‘सरासरी माणसा’चे गणित हवे होते, लठ्ठपणा हा त्यांचा विषय नव्हता. या गुणोत्तराला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अ‍ॅन्सेल कीज व त्यांचे सहकारी यांनी दिले.

अतिस्थूल रुग्णात हे साधे गणितही चुकू शकते. गुडघे व पाठ यांच्या विकारांमुळे रुग्ण ताठ उभा राहू शकत नाही आणि उंची कमी नोंदली जाते. वजन १२० किग्रॅ. असलेल्या रुग्णाची उंची १६० ऐवजी १५५ सेंमी. नोंदली, तर बीएमआय ४६·९ ऐवजी जवळजवळ ५० येतो आणि रुग्ण कागदोपत्री वेगळ्या गटात जातो. दवाखान्यांतील अनेक वजनकाटे १५० किग्रॅ.पर्यंतच मोजतात, म्हणून प्रत्यक्ष वजनाऐवजी अंदाज लिहिला जातो. हृदयविकारामुळे अंगात साठलेले पाणी किंवा पायांची लसीका-सूज (लसीका हा द्रव साठून आलेली सूज) यांचे वजनही चरबीच्याच खात्यात जमा होते. बीएमआय चरबी मोजत नाही हा आक्षेप सर्वमान्य आहे. मात्र जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या अहवालाने ४० च्या वर चरबीचे आधिक्य वेगळ्या मोजणीशिवाय गृहीत धरण्यास व्यवहारतः हरकत नाही, असे मान्य केले आहे.

संज्ञा : ‘अतिस्थूल’ हा शब्द मराठीत संस्कृतातून आला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ ‘निंदित’ शरीरांमध्ये अतिस्थूलाची गणना आहे. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीचा मंदपणा, दौर्बल्य, अति घाम, अति भूक व अति तहान असे त्याचे दोष तेथे दिले आहेत. स्थूलता व कृशता यांत कृशता बरी, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असाही निर्वाळा त्या अध्यायात आहे. चरकातील अतिस्थूल आणि आजचा बीएमआय ५० यांची बरोबरी करणे मात्र योग्य नाही. तेथे मापन नाही, लक्षणसमूह आहे. ‘निंदित’ या शब्दातली निंदा रुग्णांच्या वाट्याला आजही येते आणि तिच्यामुळे कित्येक जण उपचारांकडे उशिरा वळतात. म्हणून वैद्यकीय लेखनात ‘लठ्ठ माणूस’ यापेक्षा ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’ असे म्हणणे आता श्रेयस्कर समजतात.

इंग्रजी साहित्यात ‘मॉर्बिड ओबेसिटी’ (रोगजनक स्थूलता) ही संज्ञा १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः पेन व डीविंड या अमेरिकन वैद्यांना देतात. ‘सुपर ओबीस’ ही पुढची पायरी आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास वापरली. त्यांची मर्यादा बीएमआयवर नव्हे, तर ‘आदर्श वजनाच्या’ २२५ टक्क्यांवर बेतलेली होती. ५० ची मर्यादा नंतर स्थिरावली. ६० च्या पुढील रुग्णांना ‘सुपर-सुपर ओबीस’ म्हणतात.

निकषांचा उगम : पहिली शस्त्रक्रिया कोणाची याबद्दल एकवाक्यता नाही. स्वीडनमध्ये व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५२ मध्ये वजन घटवण्यासाठी लहान आतड्याचा मोठा भाग काढला होता. मिनेसोटा विद्यापीठात व्हार्को यांनी १९५३ मध्ये आतड्याला वळसा देणारी (अन्न लहान आतड्याचा बराचसा भाग टाळून पुढे जाईल अशी जोडणी करणारी) शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. तेथीलच क्रेमेन व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला. छापील पुरावा प्रमाण मानल्यास अमेरिकेपुरता अग्रमान १९५४ कडे जातो. हेन्रिकसन यांनी आतडे कापून काढले, वळसा दिला नाही, म्हणून त्यांना पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य वाटते. आतड्याच्या या वळशाने वजन घटे, पण यकृत निकामी होणे, मूतखडे व तीव्र कुपोषण यांमुळे ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. मेसन यांनी १९६६ मध्ये सुरू केलेला गॅस्ट्रिक बायपास (जठराचा लहानसा वरचा भाग थेट लहान आतड्याला जोडणे) ही आजच्या पद्धतींची खरी सुरुवात होय.

शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० ही रूढ मर्यादा कोठून आली, हा प्रश्न पात्रतेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. बीएमआय रूढ होण्याआधी शल्यचिकित्सक अमेरिकन आयुर्विमा कंपन्यांच्या उंची-वजनाच्या कोष्टकांवर अवलंबून असत. त्यांतील ‘आदर्श’ वजनापेक्षा १०० पौंड (सु. ४५ किग्रॅ.) जास्त किंवा आदर्शाच्या दुप्पट वजन असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार होई. मध्यम उंचीच्या प्रौढात ही मर्यादा बीएमआय ४० च्या आसपास जाते आणि दोन्ही निकष बराच काळ एकमेकांना पर्याय म्हणून छापले जात. त्यामुळे ४० हे जुन्याच मर्यादेचे सोयीस्कर रूपांतर असावे, असे मानणे सयुक्तिक वाटते. विमाधारकांच्या मृत्युदरांवरून केलेली ती कोष्टके मुख्यतः गोऱ्या, विमा घेऊ शकणाऱ्या अमेरिकनांची होती. मर्यादा इतकी वर असण्याचे दुसरे कारण त्या काळची शस्त्रक्रिया. पोट उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा धोका मोठा, म्हणून ती फक्त सर्वांत जड रुग्णांसाठी राखलेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मार्च १९९१ मध्ये भरवलेल्या मतैक्य परिषदेने हे आकडे पक्के केले : बीएमआय ४० किंवा अधिक; अथवा ३५ ते ४० व सोबत गंभीर सहव्याधी (मधुमेहासारखा, स्थूलतेशी निगडित दुसरा आजार). दुर्बिणीतून, म्हणजे पोट न उघडता, केलेल्या पहिल्या गॅस्ट्रिक बायपासचा वृत्तांत त्यानंतर तीन वर्षांनी, १९९४ मध्ये आला. तरीही हे निकष तीन दशके टिकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये चयापचय व बॅरिएट्रिक शल्यचिकित्सकांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्तपणे ते बदलले : ३५ च्या वर सहव्याधी असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस, ३० ते ३५ मध्ये चयापचय-विकार असल्यास विचार, आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी २७·५ पासून शिफारस. वयाची वरची मर्यादाही त्यांनी काढली.

अतिस्थूलांसाठी वेगळे कलम प्रथम ब्रिटनमध्ये आढळते. तेथील ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बीएमआय ५० च्या वर शस्त्रक्रिया हा पहिल्या फळीचा पर्याय मानला होता. २०१४ च्या आवृत्तीत, इतर उपाय फसलेले असल्यास आहार-व्यायाम किंवा औषधांऐवजी हाच निवडीचा उपचार, अशी शब्दरचना झाली.

भारतातील निकष : सारख्याच बीएमआयला भारतीयांत पोटाची चरबी जास्त असते व मधुमेह लवकर गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३, २७·५, ३२·५ व ३७·५ हे टप्पे सुचवले. त्यांना अनुसरून २००९ च्या भारतीय मतैक्य-निवेदनात शस्त्रक्रियेसाठी सहव्याधीसह ३२·५ व सहव्याधीविना ३७·५ या मर्यादा आल्या. विमा मात्र वेगळ्या आकड्यांवर चालतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१९ च्या प्रमाणित वगळणुकींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च चार अटी एकत्र पूर्ण झाल्याशिवाय वगळता येतो : डॉक्टरांचा सल्ला, ठरलेल्या वैद्यकीय कार्यपद्धतीचा (क्लिनिकल प्रोटोकॉल) आधार, वय किमान १८ आणि बीएमआय ४० किंवा अधिक. बीएमआय ३५ ते ४० असल्यास कमी आक्रमक उपाय फसलेले असून स्थूलताजन्य हृदयस्नायुविकार, हृदयधमनीविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा अनियंत्रित प्रकार-२ मधुमेह यांपैकी काही असावे लागते. ३७·५ ते ४० मधील, सहव्याधी नसलेला भारतीय रुग्ण त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी पात्र, पण विम्याच्या लेखी अपात्र ठरतो. ५० च्या वरील रुग्णाला ही अडचण नसते. त्याची अडचण पुढची.

शस्त्रक्रियापूर्व तपासणी : ज्या आकड्यामुळे रुग्ण पात्र ठरतो, तोच धोकाही वाढवतो. एरिक डीमारिया व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या मृत्युधोका-गुणांकात पाच घटकांना प्रत्येकी एक गुण आहे : बीएमआय ५० किंवा अधिक, पुरुष असणे, उच्च रक्तदाब, वय ४५ किंवा अधिक आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचा संभव. ०–१ गुणांच्या गटात मृत्युदर ०·३१ टक्के, २–३ च्या गटात १·९ टक्के आणि ४–५ च्या गटात ७·५६ टक्के आढळला. पुढे अनेक केंद्रांवर केलेल्या पडताळणीत हे दर बरेच कमी निघाले, गटांचा क्रम मात्र तोच राहिला. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या २००९ च्या अभ्यासात तीस दिवसांतील एकूण मृत्युदर ०·३ टक्के होता. पूर्वी शिरेत गुठळी झालेली असणे, स्लीप अ‍ॅप्निया आणि चालण्या-फिरण्याची असमर्थता यांचा गुंतागुंतीशी संबंध त्यात दिसला. पन्नास पावले चालू शकणारा रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांचा बीएमआय एकच असला, तरी धोका एक नसतो.

श्वसनाची तपासणी सर्वांत महत्त्वाची. झोपेत श्वास अडकण्याबरोबरच काही रुग्णांत जागेपणीही श्वसन उथळ असते व रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब ४५ मिमी. पाऱ्यापेक्षा जास्त राहतो (स्थूलताजन्य अल्पश्वसन). अशा रुग्णाला आधी काही आठवडे सीपॅप किंवा बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या) यंत्रावर ठेवून मगच भूल देतात. यांखेरीज हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी (इको), जठराची दुर्बिणीतून पाहणी, अवटू (थायरॉइड) व अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींचे विकार वगळणे, ड जीवनसत्त्व, ब-१२ व लोह यांची पातळी आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट हे नेहमीचे आहे. धूम्रपान किमान सहा आठवडे आधी बंद करावे लागते. अनियंत्रित मानसिक आजार, व्यसनाधीनता व नजीकच्या काळातील गर्भधारणेचा बेत या आड येणाऱ्या बाबी होत. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्यास सांगतात.

‘आधी वजन कमी करून दाखवा’ या अटीबद्दल मतभेद आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे दिवसाला सु. ८०० किलोकॅलरींचा आहार दिल्यास यकृताचा डावा खंड आकसतो आणि जठराचा वरचा भाग शल्यचिकित्सकाला दिसू लागतो. याचा उपयोग निर्विवाद आहे. विम्याच्या मंजुरीसाठी सक्तीने महिनोन्‌महिने करायला लावलेली वजनघट ही वेगळी गोष्ट. अमेरिकन संघटनेने २०१६ मध्ये तिला अशास्त्रीय व भेदभावकारक ठरवले, आणि ते मत योग्य दिसते : वर्षानुवर्षे आहार पाळून थकलेल्या माणसाचे आणखी सहा महिने त्यात जातात.

पद्धतीची निवड : ५० च्या वर कोणती शस्त्रक्रिया सर्वोत्तम, याचा निकाल लागलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये व सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास सर्वांत जड रुग्णांत शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत विभागली : आधी जठराची फक्त अरुंद नळी करायची (स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी), वजन उतरल्यावर आतड्याचा वळसा द्यायचा. अनेकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही आणि स्लीव्ह ही स्वतंत्र पद्धत म्हणून रूढ झाली. नॉर्वे व स्वीडनमध्ये बीएमआय ५० ते ६० असलेल्या ६० रुग्णांची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून) तुलना झाली. पाच वर्षांनी बीएमआय गॅस्ट्रिक बायपासने १३·६ ने, तर ड्युओडिनल स्विचने (जठराची अरुंद नळी व आतड्याचा लांब वळसा) २२·१ ने घटला. पण पोषणाच्या तक्रारी दुसऱ्या गटात जास्त होत्या. शाकाहारी व कमी प्रथिने खाणाऱ्या भारतीय रुग्णात आतड्याचा लांब वळसा देताना हे विसरून चालत नाही.

टोकाचे उदाहरण मुंबईतले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ईजिप्तमधून एका महिलेला मालवाहू विमानाने येथे आणले गेले. तिचे वजन सु. ५०० किग्रॅ. असल्याचे सांगितले गेले. मार्चमध्ये तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये तेथे तिचे निधन झाले. तिला पक्षाघात होऊन गेला होता व ती वर्षानुवर्षे अंथरुणावर होती. वजनाच्या वृत्तपत्रीय आकड्यांपेक्षा या दोन बाबी पात्रतेच्या विचारात अधिक मोलाच्या आहेत.

सेमाग्लुटाइड व तिर्झेपटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात वजन घटवण्यासाठी उपलब्ध झाल्यापासून ६० च्या वरील रुग्णांत ती शस्त्रक्रियेपूर्वीचा टप्पा म्हणून दिली जाऊ लागली आहेत. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, म्हणून भुलेपूर्वी ती घेत असल्याचे भूलतज्ज्ञाला सांगणे आवश्यक असते.