दुकानाच्या छतावर सोलर: नेट मीटरिंगचा अर्ज कसा करावा, आणि जोडणी कायमची बंद करायची असेल तर

दुकानांच्या छोट्या इमारतीचं बिल सोलरने कमी करायचं, तर महावितरणच्या ग्राहकापुढे तीन मार्ग आहेत. नेट मीटरिंग घेणं (म्हणजे जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन तेवढे युनिट बिलातून वळते करून घेणं), नेट मीटरिंग न घेता फक्त स्वतःपुरती वीज तयार करणं, किंवा जोडणीच बंद करून सोलर-बॅटरीवर जाणं. जोडणी सोडण्याचा अर्ज सगळ्यात शेवटी करा, हे आग्रहाने सांगतो. 1 किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतात, पण जुलैतल्या ढगाळ आठवड्यात सरासरीचा उपयोग नसतो आणि डीप फ्रीझर रात्रीही चालतो. आधी एक पावसाळा बॅटरीवर काढून पाहा.

आणखी एक खुलासा: पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त घरगुती ग्राहकांना मिळतं. दुकानाला ते मिळवून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका. दुकानदाराचा फायदा आयकरात आहे, सोलरवर 40 टक्के घसारा (यंत्राच्या किमतीचा वर्षाला उत्पन्नातून वजा होणारा भाग). अंदाजित उत्पन्नावर, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने धरलेल्या नफ्यावर, कर भरत असाल तर मात्र तो वेगळा दाखवता येत नाही.

नेट मीटरिंगसाठी जोडणी स्वतःच्या नावावर हवी आणि छत वापरण्याचा हक्क हवा. खरी अडचण इथेच येते. छत एक, मीटर पाच. प्रत्येक मीटरचा अर्ज वेगळा, म्हणून कोणाला छताचा कोणता भाग, हे सहमालकांनी आधी लेखी ठरवावं. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र घ्या.

कागदपत्रं: ताजं भरलेलं वीजबिल, ओळखपत्र, मालकीचा पुरावा किंवा भाडेकरार, छताचं ना-हरकत पत्र, पॅनेल आणि इन्व्हर्टरचा तांत्रिक तपशील. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर होतो. 2024 च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो. पुढे उभारणी, करार आणि मीटर बसवणं. दिवसाच्या कोणत्या वेळेत तयार झालेले युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वळते होतात, हे वीज नियामक आयोगाच्या चालू दर-आदेशात वाचूनच क्षमता ठरवा. नेट मीटरिंग नको असेल तरी सोलर लावण्याआधी महावितरणला लेखी कळवावं लागतं.

‘मंजूर भार (जोडणीवर मंजूर झालेले किलोवॅट) कमी करा, बिल उतरेल’ हा सल्ला सरसकट खरा नाही. 20 किलोवॅटपर्यंतच्या व्यावसायिक जोडणीला स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरलेली रक्कम) जोडणीमागे लागतो, भार उतरवला तरी तेवढाच.

एवढं करूनही जोडणी नकोच असेल, तर कायमस्वरूपी वीजपुरवठा बंद करण्याचा अर्ज उपविभागीय कार्यालयात द्या. सोबत शेवटच्या भरलेल्या बिलाची प्रत, ओळखपत्र, अनामत रकमेची पावती, रद्द केलेला धनादेश. मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. थकबाकी वजा होऊन अनामत परत मिळते; पण बिल अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्या आणि मगच हा अर्ज द्या.