वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट : वीजपुरवठा व नेटवर्क जोडणीतील दोषशोधन

तारेने आलेले नेटवर्क रेडिओलहरींद्वारे फोन, लॅपटॉप इत्यादींपर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणास वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. घरगुती राउटरमध्ये ते बहुधा आतच अंतर्भूत असते. कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये अशा ठिकाणी मात्र ते छताला किंवा भिंतीला स्वतंत्रपणे बसवतात आणि त्याला वीज व माहिती ही दोन्ही एकाच इथरनेट केबलमधून देतात. ही सोय मोठी आहे, पण एकाच केबलमुळे विजेचा दोष नेटवर्कचा आणि नेटवर्कचा दोष विजेचा भासतो. म्हणून या दोहोंची तपासणी वेगवेगळी आणि आधी विजेची, मग जोडणीची अशा क्रमानेच करावी लागते.

केबलमधून वीज देण्याच्या या पद्धतीस पॉवर ओव्हर इथरनेट, संक्षेपाने पीओई, म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विचचा (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या नेटवर्क-पेटीचा) पोर्ट, म्हणजे केबल खोचण्याची जागा, १५.४ वॅट देतो आणि केबलमधील घट वजा जाता उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात. २००९ च्या ८०२.३एटी मानकात हेच आकडे ३० व २५.५ असे आहेत, तर २०१८ च्या ८०२.३बीटी मानकाने पोर्टची मर्यादा ९० वॅटपर्यंत नेली. वीज सोडण्यापूर्वी स्विच अल्प विद्युतदाब लावून पलीकडे सुमारे २५ किलोओहम रोध आहे की नाही हे पाहतो आणि तो आढळला तरच पुरवठा सुरू करतो. पॅसिव्ह पीओई या प्रकारात, जो बहुधा २४ व्होल्टचा असतो, अशी चाचणी होत नाही; विद्युतदाब कमी असल्याने मानक पीओईवर चालणारे उपकरण त्यावर बहुधा सुरूच होत नाही, आणि चाचणीविना वीज सोडली जात असल्याने अनुरूप नसलेले उपकरण त्याला जोडल्यास ते जळण्याचीही शक्यता असते.

दिवा अजिबात लागत नसेल तर उपकरण खाली उतरवून, चालू असल्याची खात्री असलेल्या आखूड केबलने ते थेट स्विचला जोडून पाहणे हा सर्वांत निर्णायक उपाय होय. तेथे ते सुरू झाले तर दोष भिंतीतल्या केबलचा किंवा तिच्या टोकांच्या कनेक्टरचा आहे. इंजेक्टर (स्विच व उपकरण यांच्यामध्ये बसून केबलमध्ये वीज सोडणारी छोटी पेटी) वापरला असल्यास त्याचे दोन पोर्ट उलटसुलट जोडलेले नाहीत ना, हे आधी पाहावे. ही चूक फार वेळा होते.

याहून फसवा प्रकार अपुऱ्या विजेचा आहे. स्विचला सर्व पोर्ट मिळून एकूण किती वीज देता येते याला मर्यादा असते. ३७० वॅटची तरतूद असलेला २४ पोर्टचा स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट देऊ शकतो, परंतु ३० वॅटप्रमाणे बाराच पोर्ट त्याला पुरवता येतात. कमी वीज मिळालेली अनेक उपकरणे बंद पडत नाहीत. ती आतला एखादा रेडिओ (वायफाय लहरी पाठवणारा भाग) बंद ठेवतात, प्रक्षेपणाची शक्ती घटवतात किंवा वापरकर्ते वाढताच पुन्हापुन्हा सुरू होतात. सकाळी रिकाम्या कार्यालयात केलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही.

केबलची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा रोध अधिक असल्याने तिच्यात विजेची घट वाढते व तारा तापतात. पीओईसाठी ती वापरूच नये. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० मेगाबिटला चारही लागतात. म्हणून गिगाबिट पोर्टवर वेग १०० वर अडकला असेल तर तुटलेल्या किंवा नीट न दाबल्या गेलेल्या तारेचा संशय प्रथम घ्यावा. १०० मेगाबिटच्या काही जोडण्यांत वीज माहितीसाठी न वापरलेल्या दोन जोड्यांवरून जाते. अशा वेळी माहितीची तार तुटूनही दिवा लागलेला राहतो. कोकणपट्टीसारख्या भागात उघड्यावर बसवलेल्या उपकरणांच्या कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरून पितळी-तांब्याचे भाग गंजतात; केबल उपकरणात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिल्यास पाणी तिथूनच ठिबकून जाते.

वीज व केबल निर्दोष ठरल्यावर पत्त्यांकडे वळावे. वायफाय जोडले जाते पण इंटरनेट नाही, आणि फोन किंवा लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळाला आहे, याचा अर्थ उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचत नाही किंवा त्याच्याकडचे पत्ते संपले आहेत. अनेक वायफाय नावांपैकी एकच चालत नसेल तर त्या नावाला नेमलेला व्हीलॅन (एकाच केबलजाळ्यात आखलेले वेगळे आभासी नेटवर्क) स्विचच्या पोर्टवर खुला केलेला नसतो, असे बहुधा आढळते. पत्ता योग्य असल्यास आधी गेटवेला (नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या वाटेवरील राउटरला) व नंतर बाहेरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे उत्तर येते का ते पाहणारा चाचणी-संदेश पाठवून, अडथळा कोठे आहे ते ठरवता येते.

रीसेटचे बटण दाबून धरल्याने उपकरणातील सर्व मांडणी (सेटिंग्ज) पुसली जाते व दोषाच्या खुणाही नाहीशा होतात. म्हणून मांडणीची प्रत जतन केल्याशिवाय तो उपाय करू नये.