महागाई भत्ता आणि वेतनवाढ: नोकरी बदलण्याआधी सुटे करून पाहायचे दोन आकडे

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा पगार वर्षभरात हजार-बाराशे रुपयांनी वाढला, की घरीदारी ‘वाढ मिळाली’ एवढेच म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या रकमेत दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. महागाई भत्त्यातील वाढ ही किमती चढल्यामुळे पगाराची जी झीज झाली ती भरून देण्यासाठी असते, तर वेतनवाढ, म्हणजे इन्क्रिमेंट, ही अनुभव, कौशल्य किंवा युनियनच्या वेतन करारातील हक्क यांपोटी पडणारी खरी भर असते. पगार पुरत नाही म्हणून दुसरीकडे अर्ज टाकण्याच्या विचारात असलेल्याने आधी हे दोन आकडे सुटे करावेत, कारण आपली तक्रार यांपैकी कोणत्या आकड्याविषयी आहे, यावर नोकरी बदलायची की नाही हे बरेचसे अवलंबून असते.

महागाई भत्ता साहेबाच्या मर्जीवर ठरत नाही; तो किमती किती चढल्या हे दाखवणाऱ्या निर्देशांकाला बांधलेला असतो. केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा काढतो, त्यासाठी देशातील 88 केंद्रांतून किमती गोळा होतात आणि नाशिक हे त्यांपैकी एक केंद्र आहे. सध्याच्या मालिकेचे पायाभूत वर्ष 2016 आहे, म्हणजे त्या वर्षीच्या किमती 100 धरून पुढचे अंक मोजले जातात. कारखान्यांतील अनेक करारांत मात्र आजही 1960 च्या मालिकेतील अंकांवर भत्ता मोजला जातो, आणि गोंधळ होतो तो इथेच. नव्या मालिकेवरून टप्प्याटप्प्याने 1960 च्या मालिकेपर्यंत मागे जाण्याचे गुणक 2.88, 4.63 आणि 4.93 असे आहेत. त्यांचा गुणाकार केला, तर नव्या मालिकेतील एक अंक जुन्या मालिकेतील सुमारे 65.7 अंकांएवढा भरतो. त्यामुळे ‘अंकाला दोन रुपये’ हे वाक्य ऐकून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. कोणत्या मालिकेचा अंक, आणि अखिल भारतीय की एखाद्या केंद्राचा, हे कराराची प्रत उघडूनच पाहावे लागते.

एक हिशेब मांडून पाहू. अखिल भारतीय निर्देशांक जानेवारी 2024 मध्ये 138.9 होता आणि जानेवारी 2025 मध्ये 143.2 झाला, म्हणजे 4.3 अंकांची, सुमारे 3.1 टक्क्यांची वाढ झाली. समजा, एका कामगाराचा एकूण पगार 26,000 रुपये आहे. नुसते जागेवर टिकून राहण्यासाठी त्याला महिन्याला सुमारे 805 रुपये जास्त मिळायला हवेत. करारात 1960 च्या मालिकेतील अंकामागे दोन रुपये असतील, तर 4.3 नव्या अंकांचे सुमारे 282.7 जुने अंक होतात आणि भत्ता सुमारे 565 रुपयांनी वाढेल. उरलेले 240 रुपये कुठून येणार? त्याच्या 600 रुपयांच्या वार्षिक इन्क्रिमेंटमधून. पगारपत्रकावर 1,165 रुपयांची वाढ दिसते, पण खरी भर 360 रुपयांचीच असते. भत्ता नसलेल्या आणि वर्षाला सरसकट 500 रुपये वाढवून देणाऱ्या ठिकाणी हाच माणूस असता, तर इन्क्रिमेंट घेऊनही तो 305 रुपयांनी मागे पडला असता.

निर्देशांक म्हणजे तुमचे घर नव्हे, हेही खरे. 2016 च्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार, म्हणजे एकूण हिशेबातला वाटा, 39.17 टक्के आणि घराचा 16.87 टक्के आहे, आणि घरभाड्याचा आकडा सहा महिन्यांतून एकदाच बदलतो. सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहणाऱ्याला यंदा घरमालकाने एकदम हजार रुपये वाढवायला सांगितले, तर ती कळ भत्त्यात पुरती उतरत नाही.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांच्या बाबतीत चित्र आणखी धूसर होते. महाराष्ट्रात किमान वेतनासोबतचा विशेष भत्ता, म्हणजे तिथला महागाई भत्ता, 1 जानेवारी आणि 1 जुलै असा वर्षातून दोनदा सुधारला जातो. तो कायद्याने द्यावाच लागतो. ‘आम्ही वाढवून दिला’ असे ठेकेदार म्हणत असेल, तर त्यात त्याचे औदार्य शोधू नये. अशा नोकरीत वेतनवाढ हा भाग बहुधा शून्य असतो, आणि माझ्या मते नोकरी बदलण्याचे सर्वांत भक्कम कारण तेच आहे. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनवरचा ऑपरेटर सेटिंगही करू लागला, नव्या पोरांना शिकवू लागला, तरी पगार फक्त निर्देशांकामागे चालत असेल, तर महागाईने त्याचे फारसे नुकसान केलेले नसते. त्याच्या कामाची किंमत मात्र कोणी वाढवलेली नसते. उलट, इन्क्रिमेंट बऱ्यापैकी असून भत्ता जुन्या दरावर गोठलेला असेल, तर तो प्रश्न युनियनने पुढच्या करारात धरण्याचा आहे आणि त्यासाठी लगेच राजीनामा देण्याची गरज नाही.

आता नव्या ऑफरकडे पाहू. वरच्याच कामगाराला सिन्नरच्या कंपनीत 29,000 रुपये ठोक पगार मिळतो आहे. आकडा 3,000 ने मोठा आहे, पण कंपनीची बस नसल्याने प्रवासाला महिना 1,200 जातील असे धरले, तर हाती 1,800 उरतात. ठोक पगारात महागाई भत्ता नसतो. जुन्या ठिकाणी याच गतीने दोन वर्षांत 2,330 रुपये वाढणार असतील आणि नव्या ठिकाणी तोवर काहीच वाढ झाली नाही, तर दुसरे वर्ष संपता संपता जुन्या ठिकाणी राहून मिळाला असता त्या पगाराच्याही तो मागे जाईल. म्हणून मुलाखतीत पगाराच्या आकड्यापेक्षा वार्षिक वाढ किती, ती लेखी आहे का आणि पहिली वाढ कधी, हे विचारून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. मूळ वेतन किती हेही विचारावे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मुख्यतः मूळ वेतन व महागाई भत्त्यावर मोजली जाते; नव्या पगारातला मोठा वाटा इतर भत्त्यांत घातलेला असेल, तर मासिक रक्कम वाढूनही साठणारी रक्कम घटू शकते.

करार संपत आला असेल, तर वेळही पाहावी. नवा करार बहुधा मागील तारखेपासून लागू होऊन फरकाची रक्कम एकदम हाती येते, आणि मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांना तो फरक मिळणार का, हे करारातील कलमावर ठरते. युनियनच्या प्रतिनिधीकडून ते कलम राजीनाम्यापूर्वी वाचून घ्यावे.