गिटार बनवून घेण्याआधी: सत्तरच्या दशकातले ब्लूज-रॉक वादक आणि त्यांची वाद्यं

आमच्याकडे गिटार बनवून घ्यायला येणारे बहुतेक जण मोबाईलमध्ये एक फोटो घेऊन येतात. फोटो बहुधा सत्तरच्या दशकातल्या एखाद्या ब्लूज-रॉक वादकाच्या गिटारचा असतो, आणि मागणी असते, 'अगदी अशीच हवी.' आम्हाला ती मागणी आवडते. त्याच गिटारींच्या प्रेमापोटी आम्हीही या धंद्यात आलो. पण त्या गिटारी कुणाची ना कुणाची अडचण सोडवताना तशा झाल्या होत्या. त्यांची अडचण कोणती होती आणि तुमची कोणती आहे, हे आधी कळलं तर तुमचे पैसे योग्य जागी लागतील. म्हणून हे पत्रक.

कोरीव पत्र्याची गिटार

टोनी झेमायटिस हा लंडनचा कारागीर, मूळचा फर्निचर घडवणारा सुतार. त्याच्या धातूचा पत्रा जडवलेल्या गिटारी जगाने पाहिल्या त्या 'रोलिंग स्टोन्स' बँडचे रॉन वुड आणि कीथ रिचर्ड्स यांच्या हातात. पण त्यातली पहिली घेतली ती 'ग्राउंडहॉग्ज' या ब्लूज-रॉक बँडच्या टोनी मॅकफीने. पत्र्यावरची वेलबुट्टी कोरायचा डॅनी ओब्रायन, ज्याचा मूळ धंदा शिकारीच्या बंदुकांवर कोरीवकाम करण्याचा. ते काम इतकं देखणं आहे की पत्रा शोभेसाठीच लावला असावा असं वाटतं. झेमायटिसला मात्र त्या पत्र्याने गुणगुण घालवायची होती.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याच्या वरची गिटारची तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. पण हेच वेढे खोलीतल्या विजेचा गोंगाटही अँटेनासारखा पकडतात. ब्रिटनमध्ये घरगुती वीज 50 हर्ट्झची, आपल्याकडेही 50 हर्ट्झचीच. त्यामुळे लंडनच्या क्लबात वादकांना छळणारी ती 'घूंऽऽ' आणि तुम्ही हॉलमध्ये अ‍ॅम्प लावल्यावर येते ती, दोन्हींचा सूर एकच! झेमायटिसने तिच्यासमोर धातूची ढाल धरली.

हल्ली हे काम बॉडीच्या आतल्या खाचांत तांब्याची फॉइल चिकटवून आणि ती अर्थला जोडून होतं. वजन वाढत नाही, खर्चही थोडाच. मात्र ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून येणारी गुणगुण फॉइलने थांबत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यानेही नाही. तिच्यावर उपाय हंबकर, म्हणजे एकमेकींच्या उलट जोडलेल्या दोन कॉइलींचा पिकअप. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने तो 1955 मध्ये तयार केला. कोरीव पत्र्याची गिटार हवी असेल तर आम्ही आनंदाने बनवून देऊ. केवळ आवाज स्वच्छ हवा म्हणून पत्र्यावर पैसे घालू नका.

डावखुऱ्यांनी हे जरूर वाचावं

अल्बर्ट किंग अस्सल ब्लूजचा माणूस, पण रॉकवाल्यांच्या दोन पिढ्या तार खेचायला शिकल्या त्या त्याच्याकडे बघून. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून, तारांची जागा न बदलता वाजवायचा. म्हणजे जाड तारा खाली, पातळ वर. सर्वसाधारण वादक पातळ तार वर ढकलतो, हा ती खाली तळहाताकडे ओढायचा. ओढताना अख्ख्या मुठीचा जोर लागतो. त्याच्या खेचेत जो हुंदका ऐकू येतो, तो या उलट्या मांडणीतून आला आहे.

त्याच्या गिटारचा आकार इंग्रजी 'व्ही'चा. दोन्ही बाजू सारख्या असल्याने उलटी धरली तरी वरच्या फ्रेटपर्यंत (तार जिच्यावर दाबतात त्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत) हात पोहोचतो. पण बटणं चुकीच्या बाजूला जातात. सत्तरच्या दशकात डॅन अर्लवाइन या मिशिगनमधल्या कारागिराने त्याच्यासाठी जुन्या अक्रोडाच्या लाकडातून खास डावखुरी 'व्ही' घडवली आणि फ्रेटबोर्डवर शिंपल्याच्या अक्षरांत त्याचं नाव जडवलं. तारांची मांडणी मात्र उलटीच ठेवली, कारण किंगचा हात तिच्यावरच बसला होता. आमच्या मते कारागिराचा खरा समजूतदारपणा इथे दिसतो.

म्हणून डावखुरे असाल तर पहिल्याच फोनवर सांगा, आणि तारा सुलट लावता की उलट, तेही सांगा. नटच्या (दांड्याच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा आणि ब्रिजवरची (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथली) तारांची लांबी त्यावर ठरते. नंतर बदलायचं म्हटलं तर नट नव्यानेच करावा लागतो.

सुटे भाग जोडून

इंग्रज ब्लूज-रॉक वादक एरिक क्लॅप्टनने 1970 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका दुकानातून फेंडर कंपनीच्या सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या वादकांना एकेक दिली आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून आपली काळी 'ब्लॅकी' तयार केली. 2004 मध्ये लिलावात तिला 9,59,500 डॉलर आले. तुमच्याकडेही जुन्या गिटारींचे भाग पडून असतील तर घेऊन या. एकच गोष्ट आधी मोजा. फेंडरचं स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, साडेपंचवीस इंच. गिब्सनचं साधारण पावणेपंचवीस. एकीची नेक, म्हणजे लांब दांडा, दुसरीच्या बॉडीवर ब्रिज न हलवता बसवली, तर वरच्या फ्रेटवर सूर कधीच जुळणार नाही.

'फ्लीटवुड मॅक' बँडच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉल या गिब्सन गिटारचा नाकातून आल्यासारखा पोकळ आवाज पुष्कळ जण मागतात. तिच्या एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाजाचा काही भाग एकमेकांना खोडून काढायचा. चुंबकाला हात न लावता एका स्विचने तसा परिणाम मिळतो, आणि नको तेव्हा बंदही करता येतो.

आयरिश ब्लूज-रॉक वादक रॉरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटोकास्टरवरचा रंग वर्षानुवर्षांच्या वादनाने आणि घामाने उडाला होता. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या दुकानातून त्याने ती 1963 मध्ये जुनीच घेतली, शंभर पौंडांना. तसा उडालेला रंग नव्या गिटारवर घासून द्या, असं कुणी म्हटलं तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. मुंबईच्या घामात तुमची तुम्हीच उडवाल.

लाकूड आणि पावसाळा

फ्रेटबोर्डसाठी आम्ही शिसव सुचवतो. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. सह्याद्रीत वाढणारा वृक्ष आहे हा, परका नाही.

जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा नेकमध्ये शिरतो, ती हलते आणि तारांची उंची बदलते. घाबरू नका, आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, स्वतः पिळू नका. गिटार केसमध्ये सिलिका जेल घालून ठेवा. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. आमच्याकडून घेतलेल्या गिटारला पहिल्या पावसाळ्यानंतरचा सेटअप मोफत आहे.

पहिल्या भेटीला येताना सध्या रोज वाजवता ती गिटार घेऊन या. तारा बदलू नका, फ्रेट पुसू नका. कोणते फ्रेट किती झिजलेत आणि रंग कुठे घासलाय, त्यावरून तुमचा हात कुठे आणि किती जोराने पडतो ते आम्हाला कळतं, आणि नव्या गिटारचं पहिलं माप तिथूनच घेतो.