बूड टेकेना : अकॅथिसियाची पार्श्वभूमी

मानसिक आजारावर नुकतंच औषध सुरू झालेला माणूस घरात कसा वावरतो, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. जेवायला बसतो, दोन घास खातो आणि उठतो. खिडकीपर्यंत जाऊन येतो, ताटावर बसतो, पुन्हा उठतो. उभं राहिल्यावरही भार एकदा या पायावर, एकदा त्या. रात्री दोन वाजता त्याच्या सपातांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालूच. मधेच कुणी 'अरे, बस की जरा' म्हटलं तर तो अंगावर धावून येतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात. पण अशी तगमग दर वेळी आजाराचीच असते असं नाही, कित्येकदा ती औषधाची असते. आणि हा घोटाळा आजकालचा नाही.

१९०१ साली लाडिस्लाव हाश्कोवेत्स या चेक मेंदूविकारतज्ज्ञाने दोन रोग्यांची हकिगत मांडली. त्यांना बसवतच नव्हतं. बसले की मनात नसताना ताडकन उठायचे. ग्रीक शब्दांवरून त्याने या अवस्थेला 'अकॅथिसिया' नाव दिलं. अर्थ सरळ आहे : बसता न येणं. आपल्याकडे 'बूड टेकेना' म्हणतात ते हेच, फक्त आपण ते स्वभावाला उद्देशून म्हणतो. त्या काळच्या डॉक्टरांचाही कल तसाच होता. कारण शोधलं गेलं ते हिस्टेरियात आणि दुबळ्या मज्जातंतूंत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमोने तिचं वर्णन केलं. त्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवात जडला, आणि अशा रोग्यांतही ही न बसवणारी अस्वस्थता दिसू लागली. १९२३ मध्ये फ्रान्समध्ये सिकारने तिची नोंद केली. मुलांच्या बाबतीत तर भलतंच घडलं. ताप येण्याआधी शहाणी असलेली मुलं नंतर दांडगाई करू लागली, चोऱ्या करू लागली, रात्रभर घरभर फिरू लागली. वळण बिघडलं म्हणून त्यांना दोष देऊन भागणार नव्हतं, कारण बिघाड मेंदूत झालेला होता. वागण्यातल्या अस्वस्थतेचं मूळ शरीरात असू शकतं, हे यापेक्षा स्पष्ट दिसणं अवघड होतं.

तरीही १९५० च्या दशकात हे भान पुन्हा निसटलं. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डेले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे मन शांत करणारं औषध मनोरुग्णांना दिलं. जवळपास त्याच सुमारास दुसरं औषध आलं, आणि त्याची वाट आपल्या मातीतून जाते. सर्पगंधेची मुळी बिहारकडे वेडावरचं औषध म्हणून वापरात होतीच. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या गुणाबद्दल लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये मुळीतून रेसरपीन हे तिच्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढण्यात आलं. पाठोपाठ अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं.

काही आठवड्यांत रोगी खवळू लागले, येरझारा घालू लागले. क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने याला उपचारातला 'खळबळीचा टप्पा' मानलं : हा टप्पा पार पडला की रोगी सुधारतो. या खळबळीत औषधाने आलेली अकॅथिसियाही असावी, असं आज मागे वळून वाटतं. त्या वॉर्डातल्या माणसांचा विचार मनातून जात नाही. आतून जीव कासावीस होतोय आणि बाहेरचे त्याला बरं होण्याची खूण समजताहेत.

असा गैरसमज झाला की पुढचं दुष्टचक्र सोपं असतं. चुळबुळ दिसली म्हणून डोस वाढवायचा, डोस वाढला म्हणून तगमग वाढायची, मग रोगी ओरडणार, गोळ्या थुंकणार, क्वचित जिवाचं बरंवाईट करू पाहणार. १९७४ मध्ये थिओडोर व्हॅन पुटेन यांनी स्किझोफ्रेनियाचे रोगी औषध का नाकारतात याचा शोध घेतला, तेव्हा या अस्वस्थतेशी त्याचा जवळचा संबंध निघाला. मला हा या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो, कारण 'हट्टी' म्हणून हिणवलेल्या माणसांची बाजू त्यात पहिल्यांदा नीट ऐकली गेली.

१९८९ मध्ये ब्रिटनच्या थॉमस बार्न्स यांनी अकॅथिसियाची मोजपट्टी तयार केली. रोग्याला किमान दोन मिनिटं बसवून आणि दोन मिनिटं उभं करून पाहायचं, साध्या गप्पा मारत. पाय काय करतात ते टिपायचं आणि मग त्यालाच विचारायचं : आतून उठावंसं वाटतं का, त्याचा त्रास किती होतो? डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देणं हे उपाय हाताशी आहेत. मात्र औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या साध्या औषधानेही हा त्रास होतो, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं. म्हणून येरझारा कोणत्या तारखेला सुरू झाल्या आणि त्याआधी कोणती गोळी नवी आली किंवा वाढली, एवढं कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवावं.