स्टोरी की ग्राफिक्स? हा वाद मुळात आला कुठून

स्टोरी महत्त्वाची की ग्राफिक्स, हा वाद आपल्याला आत्ताचा वाटतो, म्हणजे फोर-के स्क्रीन आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं तंत्र) आल्यानंतरचा, पण तो जवळजवळ गेम्सइतकाच जुना आहे आणि माझ्या मते त्याचं मूळ लोकांच्या आवडीनिवडीत नाहीये, मेमरीत आहे. जुन्या मशीनमध्ये जागाच इतकी कमी असायची की चित्र ठेवलं तर मजकूर कापा, मजकूर ठेवला तर चित्र विसरा. जागेची अडचण नंतर संपली, मग तिची जागा पैशाने घेतली, आणि वाद मात्र तसाच चालू राहिला.

सुरुवात मजकुरापासून करावी लागते. १९७६ च्या आसपास विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर लिहिला. हा माणूस स्वतः गुहांमध्ये उतरणारा, केंटकीतल्या मॅमथ केव्हचा भाग त्याने फिरून पाहिलेला, आणि घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता येईल असं काहीतरी करायचं म्हणून त्याने तीच गुहा कॉम्प्युटरमध्ये घातली. पुढे डॉन वूड्सने त्यात भर टाकली. एकही चित्र नाही, तुम्ही रस्त्याच्या टोकाला उभे आहात, समोर विटांचं छोटं घर आहे, एवढं वाचायचं आणि पुढे काय करायचं ते टाइप करायचं. याच्या उलट १९८० चा अटारी या गेम मशीनवरचा अॅडव्हेंचर बघा. त्या मशीनची रॅम १२८ बाइट, केबी नाही, बाइट! त्यात वॉरन रॉबिनेटने किल्ले, चाव्या, ड्रॅगन सगळं बसवलं, पण हिरो म्हणजे नुसता एक चौकोन आणि ड्रॅगन बदकासारखे दिसायचे.

मग दोन गट पडले. एका बाजूला इन्फोकॉम, म्हणजे एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात झॉर्क हा मजकुराचा गेम बनवणाऱ्या मंडळींची कंपनी, जिने ग्राफिक्स नाही हीच गोष्ट अभिमानाने जाहिरातीत मिरवली, जगातलं सगळ्यात भारी ग्राफिक्स मशीन म्हणजे तुमचा मेंदू असा त्यांचा दावा होता. त्यांच्या १९८२ च्या डेडलाइन या मर्डर मिस्ट्रीचा सगळा मजकूर डिस्कवर मावेना, तर त्यांनी साक्षीदारांचे जबाब, लॅब रिपोर्ट छापून, एवढंच काय गोळ्यांचं पाकीटसुद्धा खोक्यात टाकून दिलं, मला ही आयडिया आजही जबरदस्त वाटते. दुसऱ्या बाजूला केन आणि रॉबर्टा विल्यम्स हे नवरा-बायको, ज्यांनी १९८० मध्ये मिस्टरी हाउसमध्ये मजकुराच्या वर साध्या रेघांची चित्रं दाखवली आणि पुढे सिएरा ही गेम कंपनी उभी केली. बाजाराने कौल चित्रांना दिला. १९८६ मध्ये अॅक्टिव्हिजनने इन्फोकॉम विकत घेतली आणि १९८९ ला ती बंदच झाली.

त्याच १९८९ साली एक गेम आला जो नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कित्येक शाळांच्या आणि क्लासेसच्या कॉम्प्युटरवर डॉसमध्ये असायचा, प्रिन्स ऑफ पर्शिया. हा जरा जवळून बघायला हवा, कारण वादाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेमवरून राजपुत्राची हालचाल उतरवून काढली. म्हणून तो राजपुत्र कड्याला लटकला की आपलेच हात दुखतात. पण या सगळ्या अॅनिमेशनने अॅपल टू या कॉम्प्युटरची मेमरी खाऊन टाकली आणि शत्रूसाठी जागाच उरली नाही. मग त्याने काय केलं, तर राजपुत्राचंच चित्र घेतलं, त्याच्या बिट्सवर एक छोटी ट्रिक वापरली आणि त्यातून चमचमणारी एक सावली तयार झाली, जिला मेमरीत वेगळी जागा जवळपास लागलीच नाही.

आणि या सावलीनेच गेमला स्टोरी दिली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारावी लागते, तेव्हा ती आरशातून बाहेर पडते आणि तुमची पॉवर एकदम तळाला जाते. पुढे ती तुमच्या वाटणीचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दरवाजा बंद करून तुम्हाला खाली पाडते. शेवटी समोरासमोर आल्यावर तुम्ही तिला तलवार मारता तर जखम तुम्हालाच होते. तेव्हा कळतं की तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं, मग दोघं एक होतात. कुठेही संवाद नाही, कुणी काही समजावत नाही, आणि तरी हे शाळकरी पोरांना बरोब्बर कळायचं. इथे स्टोरी कुठे संपते आणि ग्राफिक्स कुठे सुरू होतं हे वेगळं काढून दाखवताच येत नाही.

१९९३ मध्ये मात्र दोघांची फारकत झाल्यासारखं वाटलं. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीत टॉम हॉलने डूम या गोळीबाराच्या गेमसाठी पात्रं, ठिकाणं, प्रसंग असलेला मोठा दस्तऐवज लिहिला होता, पण तिथला मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक याचं मत असं की गेममधली स्टोरी ही ब्लू फिल्ममधल्या स्टोरीसारखी, असावी लागते पण तिला फार किंमत नाही. हॉल बाहेर पडला, डिसेंबरमध्ये डूम आला आणि जग वेडं झालं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिस्ट आला होता, ज्यात कुणाला मारायचं नाही, घाई नाही, फक्त एका ओसाड बेटावर फिरायचं आणि जुन्या वह्यांमधून काय घडलं ते जुळवायचं. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी कॉम्प्युटरवर स्थिर चित्रं तयार करून एकाला एक जोडली होती, हलणारं फार थोडं. सीडी-रॉमवर जागा भरपूर म्हणूनच हे शक्य झालं, आणि २००२ मध्ये द सिम्सने मागे टाकेपर्यंत पीसीवरचा सर्वाधिक खपाचा गेम हाच होता. म्हणजे लोकांना अॅक्शनच पाहिजे असते हे कधीच पूर्ण खरं नव्हतं.

सीडीच्या जागेचाच पुढचा परिणाम म्हणजे फायनल फँटसी सेव्हन. स्क्वेअर ही जपानी कंपनी तोपर्यंत आपले फायनल फँटसी निन्टेंडोच्या मशीनवर काढत आली होती, पण निन्टेंडो ६४ ची कार्ट्रिज, म्हणजे गेमची चिप असलेली डबी, त्यांना पुरेना म्हणून ते सोनीकडे गेले आणि १९९७ मध्ये तीन सीडींचा गेम आणला. त्यातली माणसं ठोकळ्यांची, हातांना बोटं नाहीत, आणि तरी पहिल्या सीडीच्या शेवटी एरिथ ही त्यातली मुलगी मरते तेव्हा जगभर पोरं रडली. आता तीच स्टोरी नव्या ग्राफिक्समध्ये सांगायला कंपनीने तीन वेगळे गेम काढायचं ठरवलं, २०२० आणि २०२४ मध्ये त्यातले दोन आले.

१९९८ चा हाफ-लाइफ तर थेट डूमच्या घराण्यातला, आयडीच्याच क्वेक या गेमच्या इंजिनवर, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरवर, बांधलेला, पण लेखक म्हणून मार्क लेडलॉ हा सायन्स फिक्शन कादंबरीकार घेतलेला. सुरुवातीला बराच वेळ तुम्ही नुसते ट्राममध्ये बसून लॅब बघत जाता, बंदूक नाही, आणि पूर्ण गेममध्ये कंट्रोल तुमच्या हातातून काढून घेऊन सिनेमा दाखवत बसत नाहीत. त्याच सुमारास विद्यापीठांतही भांडण लागलं होतं, जॅनेट मरेसारखे अभ्यासक गेमकडे कथा सांगायचं नवं माध्यम म्हणून बघत होते तर एस्पेन आर्सेथच्या बाजूचे म्हणत होते की गेमला कथेच्या मोजपट्टीने मोजू नका. ते भांडण बरंचसं आपापसातच राहिलं.

बाजारात मात्र थ्रीडी कार्ड, म्हणजे पीसीत घालायची ग्राफिक्स वेगाने काढणारी कार्ड, आली आणि चित्र पालटलं. १९९६ ला थ्रीडीएफएक्सचं वूडू, १९९९ ला एनव्हिडियाचं जीफोर्स, आणि आता कार्ड विकायचं तर ते कशासाठी घ्यायचं हे दाखवणारा गेम लागणार. २००७ चा क्रायसिस तर पीसी किती दमदार आहे हे तपासायची फूटपट्टीच होऊन बसला, त्याची स्टोरी आज किती जणांना सांगता येईल? उलट १९९९ च्या प्लेनस्केप टॉर्मेंटमध्ये सुमारे ८ लाख शब्द होते, खप बेताचाच झाला, पण लोक अजून त्याच्याबद्दल लिहितात.

आता भांडण पैशाचं आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या खटल्यात सोनीची कागदपत्रं नीट न झाकता बाहेर आली, त्यातून कळलं की द लास्ट ऑफ अस पार्ट टू बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले. टोबी फॉक्सने अंडरटेलसाठी किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर जमवले होते साधारण ५१ हजार डॉलर आणि २०१५ मध्ये जवळजवळ एकट्याने तो पूर्ण केला, चित्रं अगदी जुन्या काळातली वाटावीत अशी. दोन्ही गेम स्टोरीसाठी नावाजले गेले. पण २२ कोटी घातले की धोका पत्करायची हिंमत कमी होते, आणि मला वाटतं महागड्या ग्राफिक्सचं खरं नुकसान हे आहे.

आपल्याकडे चित्र अजून वेगळं. सायबर कॅफेत व्हाइस सिटी खेळणारी पोरं मिशन सोडून चीट कोड टाकून रणगाडे पळवायची. नंतर पब्जी आणि बीजीएमआय आले, त्यात स्टोरी नाहीच, आणि सिरियस खेळणारे ग्राफिक्स मुद्दाम स्मूद या साध्या सेटिंगवर ठेवतात कारण त्यांना फ्रेम रेट हवा असतो, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं. अशा बाजारात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी काढायचं ठरवलं, भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची गोष्ट. २०१७ ची त्यांची किकस्टार्टर मोहीम पैसे न जमल्यामुळे फसली, तरी टीमने सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम आणला. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रांसारखे रंग, आणि मधले कथाप्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेले. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नॉमिनेशन मिळालं. दिसण्याचं कौतुक जवळजवळ सगळ्यांनी केलं, तक्रार झाली ती मारामारीच्या भागाबद्दल आणि गोष्ट अचानक संपते याबद्दल.