वेजवरचा दुसरा आकडा

गोल्फचा वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांसाठीचा कललेला क्लब (काठी), उलटा करून पाहिला तर त्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. ५६ आणि १०, नाहीतर ६० आणि ६. पहिला आकडा म्हणजे लॉफ्ट, आणि तो सगळ्यांना पाठ असतो. दुकानात विचारतात तो हाच, क्लबहाऊसमध्ये फुशारकी मारतात तीही याचीच. दुसरा आकडा बाउन्सचा. त्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही आणि खेळ बिघडतो तो तिथेच, असं माझं स्पष्ट मत आहे. लॉफ्टचा संबंध चेंडूशी येतो, बाउन्सचा जमिनीशी. गोव्यात तर जमीन वर्षातून दोनदा कात टाकते.

लॉफ्ट म्हणजे क्लबचा चेहरा, चेंडूला लागणारी बाजू, उभ्या रेषेपासून किती मागे कललेला आहे तो कोन. कोन वाढला की चेंडू जास्त उंच जातो, कमी लांब जातो आणि पडल्यावर कमी पळतो. बाउन्स समजायला क्लब सपाट फरशीवर, दांडा उभा धरून टेकवा आणि बाजूने पाहा. क्लबचा तळ सपाट नसतो. त्याची पुढची धार फरशीपासून किंचित उचललेली राहते आणि मागचा भाग खाली टेकतो. हा उतार जितक्या अंशांचा, तितका बाउन्स. ४ ते ६ म्हणजे कमी, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त. कंपन्यांच्या सीमारेषा एकदोन अंशांनी इकडेतिकडे होतात.

हा उतार काय करतो? लहानपणी तळ्यात चपट्या खापऱ्या फेकून ज्यांनी भाकऱ्या काढल्या आहेत त्यांना निम्मं भौतिकशास्त्र आधीच ठाऊक आहे. खापरी पुढून किंचित उचललेली असेल तर पाणी तिला वर ढकलतं आणि ती उडी घेते. नाक खाली असेल तर सरळ बुडते. फ्रान्समधल्या लिदेरिक बोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रयोगातून दाखवलं की खापरीचा कल पाण्याशी साधारण २० अंशांचा असला की ती सगळ्यात सहज उडते. वेजचा तळ रेतीत तेच करतो. पुढची धार रेतीत शिरते, तेवढ्यात मागचा उतार रेतीवर दाब देतो, रेती उलट दाबते आणि क्लब खोल न रुतता चेंडूखालून सरकत बाहेर येतो.

ही युक्ती क्लबमध्ये आली तिची गोष्ट मजेदार आहे. जीन सॅराझेन हा अमेरिकी खेळाडू बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या रेतीच्या खड्ड्यात, अडकायचा. विमान उडवायला शिकताना त्याच्या लक्षात आलं की शेपटीकडचा भाग खाली गेला की नाक वर येतं. त्याने आपल्या निब्लिक नावाच्या क्लबच्या मागच्या बाजूला शिसं डाखवून तळ जाड आणि उतरता केला. १९३२ साली इंग्लंडमध्ये प्रिन्सेसच्या मैदानावर तो ब्रिटिश ओपन जिंकला, तेव्हा हा वेज त्याच्या पिशवीत होता. त्याआधी खोलगट चेहऱ्याचा एक सँड वेज निघाला होता, पण तो चेंडूला दोनदा लागू शकतो म्हणून १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. सॅराझेनने चेहरा सपाट ठेवला आणि सगळी करामत तळाकडे नेली. आजचे सँड वेज त्याच वाटेने आलेले आहेत.

बंकरमधल्या नेहमीच्या फटक्यात क्लब चेंडूला लागतच नाही. तो चेंडूच्या दोनेक इंच मागे रेतीत उतरतो आणि चेंडू उचलला जातो तो रेतीच्या पातळ थरावरून. ‘बाब, बॉल नको मारू, रेती मार,’ असं कॅडी सांगतो ते अगदी शब्दशः खरं आहे. त्यामुळे बंकरमध्ये क्लबची निवड म्हणजे खरं तर रेतीची निवड.

रेती एका स्वभावाची नसते. याचा पुरावा मिरामारला, कोलव्याला, कुठल्याही किनाऱ्यावर पायाखाली मिळतो. लाट नुकतीच ओसरलेल्या ओल्या, घट्ट रेतीवर पाय द्या. पावलाभोवतीची रेती क्षणभर कोरडी पडल्यासारखी फिकी दिसते. दाब दिल्यावर पाणी वर यायला हवं, पण होतं उलटंच. १८८५ मध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेल्या कणांना हलायचं तर एकमेकांवर चढून जावं लागतं, म्हणजे थोडं पसरावं लागतं. पसरताना मधल्या फटी मोठ्या होतात आणि पृष्ठभागावरचं पाणी त्या फटींत आत ओढलं जातं. पाय उचलला की ठशात पाणी साचतं, तेही याच हिशेबाने. अशा रेतीत कणांना हलायला जागा नसते. त्यामुळे ती झटक्यात मारलेल्या कशालाही जवळजवळ सिमेंटसारखा विरोध करते. पाच पावलं वर, माडांच्या बाजूला, कोरडी भुसभुशीत रेती असते. तिथे पाऊल घोट्यापर्यंत जातं, कारण कण मोकळे असतात आणि सहज घरंगळतात.

आता क्लब घ्या. भुसभुशीत रेतीत कमी बाउन्सचा वेज सुरीसारखा आत जातो आणि तिथेच राहतो, चेंडू हातभर पुढे पडतो. तिथे १२-१४ अंशांचा, रुंद तळाचा वेज हवा. सरीने भिजून बसलेल्या बंकरमध्ये तोच रुंद तळ आपटून वर उसळतो आणि धार थेट चेंडूच्या पोटात लागते. मग चेंडू ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पलीकडे माडांत. अशा वेळी कमी बाउन्सचा क्लब घ्यावा, आणि दुसरा हाताशी नसेल तर आहे त्याचा चेहरा फार उघडू नये, म्हणजे आकाशाकडे वळवू नये. चेहरा उघडला की लॉफ्टबरोबर बाउन्सही वाढतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गवतावरही हाच न्याय लागू पडतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत फेअरवे, म्हणजे मैदानातला कापलेल्या गवताचा पट्टा, मऊ असतो, धार सहज रुतते, आणि जास्त बाउन्स माणसाला वाचवतो. चवथ होऊन पाऊस ओसरला की जमीन हळूहळू आवळत जाते. एप्रिल-मे येईपर्यंत, पाणी मारलं नाही तर, गवत पातळ आणि खालची माती टणक. काणकोणला राजबागेजवळ किंवा केळशीपलीकडे मोबोरला, जिथे हॉटेलांच्या आवारात समुद्राकाठी गोल्फ खेळतात, तिथे वाऱ्याबरोबर हे सगळं जास्तच जाणवतं. टणक जमिनीवर १४ चा बाउन्स ठेवून धार चेंडूखाली नेणं अवघड जातं. तिथे ६ ते ८ बरा.

पण जमीन हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं आपल्या हातात असतं. कोरलेला आकडा दांडा उभा असतानाचा असतो. फटक्याच्या क्षणी हात चेंडूच्या पुढे असतील तर दांडा पुढे झुकतो, आणि जितका झुकतो तितका बाउन्स कमी होतो. १० चा वेज ८ अंश झुकवला तर हातात जेमतेम २ उरतो. ५६ चा लॉफ्टही त्याच वेळी ४८ होतो. म्हणजे ‘माझा दहाचा आहे’ म्हणणारे दोघे शेजारी उभे राहून दोन वेगळ्या क्लबांनी खेळत असतात.

आपण खणणारे की खरवडणारे हे पाहायला स्विंगचा व्हिडिओ लागत नाही. सरावाच्या पट्टीवर दहा-बारा फटके मारा आणि खाली पडलेल्या खड्ड्यांकडे पाहा. खोल, ओंजळभर मातीचे खड्डे पडत असतील तर क्लब वरून उतरतो, त्याला जास्त बाउन्स हवा. गवत नुसतं खरवडलं जात असेल, माती निघतच नसेल तर कमी बाउन्स चालतो. जुन्या वेजच्या तळावरचे ओरखडेही तेच सांगतात. झीज पुढच्या धारेला चिकटून असेल तर तुम्ही खणणारे.

चेंडूच्या फिरकीबद्दलही एक गैरसमज आहे. जास्त लॉफ्ट म्हणजे जास्त फिरकी, असं सरसकट मानलं जातं. एका मर्यादेपर्यंत ते खरं आहे. पण चेंडू आणि क्लब यांचा संपर्क मिलिसेकंदाच्या निम्म्याएवढाच टिकतो, आणि कल फार वाढला की त्या वेळात चेंडू चेहऱ्याला पकडून फिरण्याऐवजी वर घसरायला लागतो. गवताचं पातं किंवा दव मध्ये आलं की घसरण आणखी वाढते. फिरकी घटते, चेंडू जास्त उंच निघतो आणि पडल्यावर थांबण्याऐवजी पळतो. पावसाळ्यातल्या सकाळी ग्रीनवर चेंडू का थांबत नाही, त्याचं एक कारण हे. चेहऱ्यावरच्या खाचा चेंडू आणि क्लब यांच्या मधलं पाणी आणि गवत बाजूला काढण्यासाठीच असतात. त्यांच्या कडा फार धारदार झाल्या म्हणून २०१० पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांत त्यांच्यावर मर्यादा आल्या. आपल्यासारख्यांनी नियमापेक्षा ब्रशची काळजी करावी. खाचांत माती घेऊन फिरणारे कितीतरी आहेत.

लॉफ्टची निवड त्यामानाने सोपी आहे, नुसतं गणित. आधी तुमच्या सेटमधल्या पिचिंग वेजचा, म्हणजे सगळ्यात कमी लॉफ्टच्या वेजचा, लॉफ्ट शोधा. पूर्वी तो ४८ ते ५० असायचा. आता लांब पल्ल्याच्या हौसेपायी कंपन्यांनी तो ४३-४५ वर आणला आहे. तो ४४ असेल आणि त्याच्यापुढे थेट ५६ असेल, तर मध्ये १२ अंशांची पोकळी राहते. अंतरात बोलायचं तर पंचवीस-तीस यार्ड, जिथे प्रत्येक फटका अर्धवट ताकदीचा मारावा लागतो. पन्नासचा एक वेज मध्ये आला की ती भरते. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंश ठेवावेत. एकूण क्लब १४ पेक्षा जास्त नेता येत नाहीत, म्हणून वेज वाढवायचा तर लांबचा एखादा क्लब घरी राहतो. हौशी माणसाने तो बिनदिक्कत ठेवावा.

साठचा लॉब वेज मात्र सगळ्यात शेवटी घ्या. इतक्या कललेल्या चेहऱ्यावर चेंडू अर्धा इंच वर लागला तरी तो जागच्या जागी उंच उडतो. टीव्हीवर दिसतो तो फटका मारणाऱ्याने त्याचा रोज शेकडोंनी सराव केलेला असतो.

गोव्यात बाराही महिने खेळणाऱ्याने दोन वेजना दोन स्वभाव द्यावेत, असं मी सुचवेन. ५६ चा १२ किंवा त्याहून जास्त बाउन्सचा, कोरडा बंकर आणि पावसाळी गवतासाठी. दुसरा, ५० किंवा ५२ चा, ८ च्या आसपास. तोच बसलेल्या रेतीत आणि मे महिन्यातल्या टणक जमिनीवर चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारायलाही कामी येतो. एकच घ्यायचा असेल तर ५६ आणि १०, त्यातल्या त्यात टाचेकडचा, म्हणजे दांड्याजवळचा, तळ घासून कमी केलेला. म्हणजे चेहरा उघडला तरी धार फार उचलली जात नाही.

आणि लॉफ्ट वाकवून घेणार असाल तर हिशेब आधी करा. ५६-१० चा वेज दोन अंश उभा करून ५४ केला की बाउन्सही दोन अंशांनी उतरून ८ होतो. ५८ केला तर १२. कोरलेले आकडे मात्र तेच राहतात, म्हणून जुना वेज विकत घेताना तो कधी वाकवला होता का, हे आधी विचारावं.